चेहऱ्याआधी कागद बघा: न्यू इंग्लंडमधलं जुनं जलरंग पोर्ट्रेट विकत घेताना

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडमध्ये कुठल्याही जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलात की कोपऱ्यात एखादं वहीच्या पानाएवढं चित्र टांगलेलं दिसतं. एका बाजूने काढलेला चेहरा, काळा कोट, ताठ कॉलर, खाली वळणदार अक्षरात नाव आणि वय. एकावर दीडशे डॉलरची चिठ्ठी असते आणि तसंच दिसणाऱ्या दुसऱ्यावर अडीच हजारांची. हा फरक कशामुळे पडतो हे दुकानदार सांगतो, पण त्याला चित्र विकायचं असतं. म्हणून ते आपलं आपल्याला कळलेलं बरं.

गेली काही वर्षं मी ही चित्रं बघतोय, त्यातली थोडी घेतोय आणि बरीच परत ठेवतोय. बॉस्टन-नॅशुआच्या आसपास राहणारे ओळखीचे मराठी लोक अधूनमधून विचारतात, की सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवखा माणूस आधी चेहरा बघतो, मग सही शोधतो, आणि कागदाकडे बघतच नाही. तुम्ही क्रम उलटा ठेवा.

१. कोणत्या चित्रांबद्दल बोलतोय ते आधी समजून घ्या

साधारण १८०० ते १८५० या काळात अमेरिकेच्या ईशान्य भागात फिरस्ते चित्रकार गावोगाव जात. खाणावळीत किंवा गिऱ्हाइकाच्याच घरी मुक्काम करायचा, आजूबाजूच्या शेतकऱ्यांची, दुकानदारांची, शिक्षकांची चित्रं काढायची आणि पुढचं गाव गाठायचं. तैलचित्र महाग पडे. कागदावरचं जलरंग चित्र स्वस्तात आणि एका बैठकीत होई.

रुफस पोर्टर या अशाच एका फिरस्त्या चित्रकाराची जाहिरातीची छापील पत्रकं शिल्लक आहेत, त्यात दर दिलेत. कात्रीने कापलेली बाजूच्या चेहऱ्याची आकृती, दोन प्रतींत, २० सेंट. रंगीत बाजूचा चेहरा २ डॉलर. समोरून काढलेला ३ डॉलर. हस्तिदंतावरचं लघुचित्र ८ डॉलर. (याच माणसाने पुढे १८४५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' सुरू केलं.) बाजूचे चेहरे इतके जास्त का सापडतात, याचं उत्तर या दरपत्रकातच आहे.

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये डॅगेरोटाइपची (धातूच्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या छायाचित्राची) घोषणा झाली, थोड्याच काळात छायाचित्रकार अमेरिकेतल्या गावागावांत पोचले आणि या मंडळींचा धंदा बसला. त्यामुळे १८५० नंतरचं म्हणून कुणी असलं चित्र दाखवलं तर जरा थांबा.

सतत कानावर पडतील अशी काही नावं:

- जोसेफ एच. डेव्हिस. न्यू हॅम्पशायर आणि मेन, १८३२ ते १८३७. नवरा-बायको टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलेले, पायाखाली भडक नक्षीचा गालिचा, खाली सुबक अक्षरात नावं, वयं, तारीख. एका चित्रावर त्याने स्वतःला 'डावखुरा चित्रकार' म्हणवून घेतलंय.
- रूथ आणि सॅम्युअल शूट. डॉक्टर नवरा आणि बायको मिळून एकच चित्र काढत. 'रेखाटन आर. डब्ल्यू. शूट, रंग एस. ए. शूट' अशी नोंद काही चित्रांवर सापडते. लोवेलच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या मुलींची चित्रं त्यांनी काढली. जलरंगात पेन्सिल, पेस्टल, कुठे सोनेरी कागदाचा तुकडाही.
- जेम्स सॅनफर्ड एल्सवर्थ. कनेटिकट. इवलीशी चित्रं, बाजूचा चेहरा, मागे-खाली ढगासारखी झालर, आणि खुर्ची असेल तर तिची पाठ नागमोडी.
- जेकब मेंटेल. हा न्यू इंग्लंडचा नव्हे. जर्मनीहून आला, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्त्यांत काम केलं आणि शेवटी इंडियानातल्या न्यू हार्मनीला स्थायिक झाला. यादीत ठेवलाय, कारण न्यू जर्सीकडच्या मंडळींना त्याचीच चित्रं जवळ पडतात.

सापडणारी बहुसंख्य चित्रं मात्र या कुणाचीच नसतात. चित्रकार अज्ञात. त्यात कमीपणा मानू नका. पहिली खरेदी तशीच असावी असं माझं मत आहे.

२. घेण्याआधी फुकटात डोळा तयार करा

सहा महिने काही घेऊ नका, नुसतं बघा. मॅनहॅटनमधलं अमेरिकन फोक आर्ट म्युझियम, कूपर्सटाऊनचं फेनिमोर, व्हरमाँटचं शेलबर्न, विल्यम्सबर्गचं ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर संग्रहालय इथे अशी चित्रं आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला गार्बिश दांपत्याने दिलेला मोठा संग्रह ऑनलाइन बघता येतो, मोठा करून. घरबसल्या दहा अस्सल चित्रं मोठी करून बघा: कान कसा काढलाय, हाताची बोटं कशी, नाकपुडीला रेघ आहे की ठिपका. हे चित्रकार शरीरशास्त्र शिकलेले नव्हते. प्रत्येकाने कानाचा आपला एक साचा बसवलेला असे, आणि तोच आयुष्यभर वापरलेला दिसतो. चित्रकार ओळखायचा तर कान हा सहीपेक्षा भरवशाचा.

लिलावघरांचे जुने निकालही चाळा. बरेचसे लिलाव-मंच मोफत खातं उघडलं की मागचे भाव दाखवतात. दुकानातली चिठ्ठी म्हणजे मागितलेली किंमत. लिलावाचा निकाल म्हणजे कुणीतरी खरोखर मोजलेले पैसे. भाव ठरवताना दुसरा आकडा धरा.

३. खिशाला किती पडणार

अज्ञात चित्रकाराचं, बऱ्या अवस्थेतलं लहान चित्र काही शे डॉलरमध्ये मिळतं. ओळखीचं नाव लागलं की हजारांत जातं, आणि डेव्हिसचं जोडप्याचं चांगलं चित्र पाच आकडी रकमेला विकलं गेल्याची उदाहरणं आहेत. लहान मूल, त्याच्या हातात खेळणं, पायाशी कुत्रा-मांजर असेल तर भाव चढतो. काळ्या कोटातला पन्नाशीचा गृहस्थ सगळ्यात स्वस्त. नवख्यासाठी हा गृहस्थच उत्तम.

लिलावात घेणार असाल तर हिशेब आधी कागदावर मांडा. हातोडा ६०० डॉलरला पडला. त्यावर खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन समजा २५ टक्के: ७५०. मॅसॅच्युसेट्सचा विक्रीकर ६.२५ टक्के: जवळजवळ ७९७. वर पॅकिंग आणि पाठवणी. म्हणजे ६०० चं चित्र घरी येईपर्यंत साडेआठशे-नऊशेचं होतं. दुसऱ्या मंचावरून ऑनलाइन बोली लावलीत तर कमिशनमध्ये आणखी काही टक्के वाढतात. बोलीची मर्यादा ठरवताना ही सगळी वजाबाकी करून मगच आकडा लिहा, आणि तो आकडा बायकोला किंवा नवऱ्याला सांगून ठेवा. साक्षीदार असला की हात वर जाताना जरा अडखळतो.

न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नाही म्हणून तिकडे धाव घेणारे बरेच आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये राहत असाल तर तशा आणलेल्या वस्तूवर कायद्याने यूज टॅक्स लागतो, हे आयकर विवरण भरताना आठवू द्या.

४. कुठे शोधायचं

मॅसॅच्युसेट्समधला ब्रिमफील्डचा जुन्या वस्तूंचा बाजार हे सगळ्यात मोठं ठिकाण. मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये रूट २० च्या दोन्ही बाजूंच्या शेतांमध्ये तंबू पडतात. ही परंपरा १९५९ पासूनची. वेगवेगळी मैदानं वेगवेगळ्या दिवशी उघडतात, तेव्हा वेळापत्रक बघून जा. जाणते व्यापारी पहाटे टॉर्च घेऊन येतात आणि चांगला माल उजाडायच्या आत एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जातो. आपण सकाळी नऊला कॉफी घेऊन पोचलो तरी शिकायला भरपूर मिळतं. पण तिथल्या उन्हात आणि गर्दीत कागद नीट तपासता येत नाही, म्हणून मोठी खरेदी तिथे करू नका.

मेनमधल्या वेल्सच्या आसपास रूट १ वर अँटिकची दुकानं ओळीने आहेत. पेनसिल्व्हेनियात ॲडम्सटाऊन. गावोगावची छोटी लिलावघरं, आणि घर रिकामं करताना होणाऱ्या इस्टेट सेल, इथे कधी कधी एकाच घरात दीडशे वर्षं राहिलेली वस्तू सापडते.

पहिलं चित्र मात्र लोककलेतल्या जाणकार डीलरकडून घ्या असं मी सांगेन. वीस-तीस टक्के जास्त जातील. पण तो चौकट उघडून दाखवतो, लेखी हमी देतो, आणि वर्षभराने फोन केला तर ओळख दाखवतो. ही एक प्रकारे शिकवणीची फी.

५. पिशवीत काय असावं

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग
- लहान अतिनील टॉर्च
- साधी टॉर्च, तिरपा प्रकाश टाकायला
- मोजपट्टी
- मोबाइल, पुरेशा चार्जिंगसह
- रोकड आणि चेकबुक (ब्रिमफील्डला अजूनही दोन्ही चालतं)
- स्वच्छ, कोरडे हात. हातमोज्यांनी कागदाची कड जाणवत नाही आणि फाटते.

६. चित्र हातात आलं की

परवानगी विचारल्याशिवाय चित्र भिंतीवरून काढू नका. काढलंत की आधी उलटं करा. हो, मागची बाजू आधी.

मागे पातळ लाकडी फळी असेल तर ती कशी ठोकलीय बघा. चौकोनी बुंध्याचे, पत्र्यातून कापलेले खिळे जुने. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झाले. गोल खिळे दिसले म्हणून चित्र खोटं ठरत नाही. मधे कधीतरी चौकट उघडली गेली, एवढाच त्याचा अर्थ. मग आत काय बदललं हे विचारायचं.

आता डीलरला चौकट उघडायला सांगा. "नाही" म्हणाला तर पैसे परत करण्याची लेखी हमी मागा. तीही नसेल तर नमस्कार करून पुढच्या दुकानात.

उघडल्यावर जी गोष्ट मी सगळ्यात आधी बघतो ती अशी. लाकडी फळी कागदाला थेट टेकून शंभर-दीडशे वर्षं राहिली की लाकडातलं आम्ल कागदात उतरतं. कागदाच्या पाठीवर फळीच्या रेषा तपकिरी उमटतात. दोन फळ्यांमध्ये फट असेल तर त्या फटीची गडद पट्टी, गाठ असेल तर गाठीचा गोल डाग. आता फळी आणि कागद शेजारी धरा. फळीतली गाठ आणि कागदावरचा डाग बरोब्बर समोरासमोर येत असतील, तर ही दोघं फार जुनी सोबती आहेत. असला पुरावा बनवणं कठीण असतं, आणि कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे. डाग जुळत नसतील तर चौकट दुसरीकडून आणून बसवलेली. चित्र अस्सल असू शकतं, पण 'मूळ चौकटीसह' असं म्हणून लावलेली किंमत तिथल्या तिथे कमी करून घ्या.

मग कागद उजेडासमोर धरा. आडव्या-उभ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर तो जुन्या पद्धतीच्या साच्यातला कागद. एकसारखा, जाळी नसलेला कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात आला, त्यामुळे दोन्ही प्रकार आपल्या काळात चालतात. जलचिन्ह सापडलं तर लॉटरीच. इंग्लंडच्या व्हॉटमन कागदावर पुष्कळदा सालही असतं. चित्रावर १८२८ लिहिलंय आणि जलचिन्हात १८३४ आहे, तर बोलायला काही उरत नाही.

अतिनील टॉर्च अंधाऱ्या कोपऱ्यात वापरा. साधारण १९५० नंतरच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालतात, तो निळसर पांढरा झगमगतो. चिंध्यांपासून बनवलेला जुना कागद मंद, पिवळट राहतो. पण हा पुरावा एकाच बाजूने चालतो: झगमगला तर नवा नक्की, नाही झगमगला म्हणून जुना नव्हे. लबाड माणूस जुन्या हिशेबाच्या वहीतलं कोरं पान काढून त्यावर रंगवतो. त्यासाठी कडांना शिवणीची भोकं आहेत का बघा. कागदाने रंग शोषू नये म्हणून त्यात घातलेला सरस जुन्या कागदात मेलेला असतो, त्यामुळे त्यावर आज लावलेला रंग टिपकागदावर शाई पसरावी तसा कडेने फुटतो. भिंगाखाली केसांच्या आणि कॉलरच्या कडा बघा. १८३० साली कोऱ्या करकरीत कागदावर काढलेली रेघ धारदार असते.

भिंगाखालीच आणखी दोन फसव्या गोष्टी कळतात. छापील प्रतीत रंगाचे ठिपके दिसतात. त्या काळातले हाताने रंगवलेले शिळाछापही असतात. कुरियर यांच्यासारख्या छापखान्यांनी ते ढिगाने काढले. त्यात रंग खरा, हाताने भरलेला, पण खालची काळी रेघ दाणेदार आणि छापलेली. दुकानात "हाताने रंगवलेलं" असं सांगतात, जे खोटं नसतं. आणि १८८० ते १९१० च्या सुमाराची मोठी, अंडाकृती, फुगीर काचेची पोर्ट्रेट्स बहुतेक वेळा फोटो मोठा करून त्यावर कोळसा-पेस्टल-रंग चढवलेली असतात. ती स्वस्त मिळतात, पणजोबांच्या फोटोसारखी छान दिसतात, पण आपण शोधतोय ती वस्तू ती नव्हे.

पेस्टलची गल्लतही होते. मॅसॅच्युसेट्सची रूथ हेन्शॉ बॅस्कम, पाद्रीसाहेबांची बायको, हिने पुरुषभर उंचीचे नव्हे पण खऱ्या डोक्याएवढे बाजूचे चेहरे पेस्टलमध्ये काढले. तिची रोजनिशी वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत आहे. पेस्टल भुकटीचं असतं, उलटं-सुलटं केलं तर झडतं. वरच्या सगळ्या कसरती जलरंगासाठी आहेत. पेस्टल दिसलं तर आडवंच ठेवा आणि हात आवरा.

आता अवस्था. कुठल्या दोषाला घाबरायचं आणि कुठल्याला नाही:

- तांबूस ठिपके, ज्यांना फॉक्सिंग म्हणतात: कडेला असतील तर चालतं. चेहऱ्यावर असतील तर भाव पाडून मागा.
- कागद सगळीकडे पिवळसर: वयाला शोभतं. उलट पांढराशुभ्र कागद दिसला तर कुणीतरी ब्लीच केलाय.
- चित्राभोवती तपकिरी चौकोनी पट्टा: आम्ल असलेल्या माउंटची (चित्राभोवती बसवलेल्या पुठ्ठ्याची) भाजणी. फ्रेममध्ये झाकली जाते.
- गाल पांढरेफटक: गुलाबी रंग उजेडाने उडालाय. माउंटखाली झाकलेल्या कडेचा रंग बघा, मूळ किती गडद होतं ते कळेल. उडालेला रंग परत येत नाही. हा दोष मी माफ करत नाही.
- लेसची कॉलर करडी-काळी: शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळवंडतो. बघायला भयंकर, पण कागदाच्या संवर्धकाला यावर बरेचदा इलाज करता येतो. नवख्यांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे अशी चित्रं स्वस्त पडून असतात.
- पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेलं: काढायला खर्चिक. किंमत त्या मानाने हवी.
- कडा कापलेल्या: अर्धवट कापलेलं नाव, खुर्चीचा पाय गायब. इथे सरळ नकार द्या.

७. नावाची भाषा

लिलावाच्या यादीत प्रत्येक शब्दाला वजन असतं. नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर घराने त्या नावाची जबाबदारी घेतलीय. 'अट्रिब्यूटेड टू' म्हणजे त्यांच्या मते त्याचं असावं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या आसपासच्या कुणाचं तरी. 'मॅनर ऑफ' म्हणजे त्याच्यासारखं, कधीही काढलेलं, कालसुद्धा. 'अमेरिकन स्कूल' म्हणजे चित्रकार अज्ञात. हे शब्द यादीच्या शेवटी, अटींच्या बारीक अक्षरात, त्या घरापुरते समजावलेले असतात. ते पान वाचा. किती दिवसांत हरकत घेता येते तेही तिथेच असतं.

सही दिसली की हुरळू नका. भिंगाने बघा: सहीची शाई आणि नावाची शाई एकच आहे का? त्या काळची लोहयुक्त शाई तपकिरी होते आणि जाड रेघेत कागदाला खाते, पाठीमागे तिचा ठसा दिसतो. वरच्या वर तरंगणारी एकसारखी तपकिरी सही म्हणजे कुणाचा तरी नंतरचा उद्योग. पेन्सिलीने 'आजीचे वडील' वगैरे लिहिलेलं असेल तर मात्र जपा. ते चुकीचं असलं तरी कुठल्या घराण्यातून चित्र आलं हे सांगतं.

कपड्यांवरून साल ताडता येतं. उंच कमरेचा झगा १८२० च्या आधीचा. खांद्याशी फुगा आलेल्या प्रचंड बाह्या १८३० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या. लहान मुलाने झगा घातलाय म्हणून मुलगी समजू नका. त्या काळी मुलग्यांनाही झगेच घालत. बहुधा भांग बाजूला असेल तर मुलगा, मधोमध असेल तर मुलगी. हातात चाबूक किंवा हातोडी असेल तर मुलगा नक्कीच. झगा आणि चित्रावरचं साल जुळत नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघा.

८. चित्रातला माणूस शोधा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि घेण्याआधीच करता आला तर किंमत ठरवायलाही कामी येतो. नाव, वय, गाव असेल तर फॅमिलीसर्च हे मोफत संकेतस्थळ उघडा. जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी झालीय, पण १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव नोंदवत. बाकीचे नुसते आकडे. म्हणजे १८३५ च्या चित्रातली अठरा वर्षांची मुलगी १८४० च्या जनगणनेत नावाने सापडणार नाही. तिला १८५० मध्ये, बहुधा लग्नानंतरच्या आडनावाने शोधावं लागतं. मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी पुस्तकरूपाने छापल्या गेल्यात आणि ऑनलाइन आहेत. गावाच्या ऐतिहासिक संस्थेला ईमेल पाठवा. निवृत्त मंडळी चालवतात, आणि आपल्या गावच्या माणसाचं चित्र सापडलंय म्हटल्यावर चार पानी उत्तर येतं.

९. भाव आणि कागदपत्रं

इथे घासाघीस चालते, पण तुळशीबागेतल्यासारखी नाही. निम्म्या किमतीला मागितलंत तर बोलणंच संपेल. दोष शांतपणे दाखवा, मग "यावर तुमची सगळ्यात चांगली किंमत काय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. दहा-पंधरा टक्के सहसा सुटतात. रोखीने देत असाल तर ते शेवटी सांगा.

पैसे देताना हे हातात हवं:

- पावती: चित्रकाराचं नाव किंवा 'अज्ञात', साधारण काळ, माध्यम, माप, अवस्था, सगळं लेखी
- अस्सलपणाची हमी आणि परत घेण्याची मुदत
- आधीच्या मालकांची किंवा लिलावाची माहिती, जेवढी असेल तेवढी
- चौकटीबाहेर काढलेले पुढचे-मागचे फोटो
- महागडं असेल तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मूल्यमापकाचा अहवाल

पावतीवर नुसतं 'जुनं चित्र' लिहून देणाऱ्याला पुन्हा लिहायला लावा. विम्याला आणि पुढे विकताना कराला हीच पावती लागते. संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला अमेरिकेत २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, शेअर्सपेक्षा जास्त. घराच्या साध्या विम्यात कलावस्तू पुरेशा धरलेल्या नसतात, वेगळी नोंद करून घ्यावी लागते.

१०. घरी आणणं आणि लावणं

शक्य असेल तर स्वतः गाडीतून आणा. टपालाने येणार असेल तर काच काढून पाठवायला किंवा काचेवर चिकटपट्ट्यांची जाळी मारायला सांगा. वाटेत फुटलेली काच कागद फाडते.

जवळच्या फ्रेमवाल्याकडे देताना तीन गोष्टी लिहून द्या: माउंट शंभर टक्के कापसाच्या लगद्याचा, चित्र फक्त जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या खळीने अडकवायचं, वर अतिनील किरण अडवणारी काच. चिकटपट्टी, फेव्हिकॉल, ड्राय माउंटिंग (उष्णतेने पुठ्ठ्याला चिकटवणं) यांपैकी काहीही नको. जुनी चौकट, जुनी फळी आणि जुने खिळे फेकू देऊ नका. फळी वेगळ्या पिशवीत जपा. ती चित्राला परत टेकवायची नाही, पण गाठीचा पुरावा तिच्यातच आहे.

डाग काढणं, चिकटवलेलं सोडवणं ही कामं फ्रेमवाल्याची नव्हेत. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कन्झर्व्हेशनच्या यादीतून कागदाचा संवर्धक शोधा. ॲन्डोव्हरचं नॉर्थईस्ट डॉक्युमेंट कन्झर्व्हेशन सेंटर खासगी लोकांचंही काम घेतं. आधी अंदाजपत्रक मागा. कधी कधी उपचार चित्रापेक्षा महाग पडतो.

थेट ऊन, स्वयंपाकघर, बाथरूमची भिंत आणि फायरप्लेसच्या वरची जागा टाळा. शेवटची जागा सगळ्यांना आवडते आणि चित्राला सगळ्यात वाईट.

११. भारतात न्यायचं असेल तर

पहिली गोष्ट: हस्तिदंतावरची लघुचित्रं नेऊ नका, आणि खरं तर नवख्याने घेऊच नका. पोर्टरच्या दरपत्रकातली ८ डॉलरवाली. अमेरिकेत २०१६ पासून आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ बंदी आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना सवलत आहे, पण पुरावा तुम्ही द्यायचा, आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांचे स्वतःचे कायदे आणखी कडक. भारतात तर वन्यजीव कायद्याची गाठ पडते. अंगठ्याएवढ्या चित्रासाठी विमानतळावर हा सगळा इतिहास सांगत बसायची वेळ येऊ नये.

कागदावरच्या चित्राला तशी अडचण नाही, पण मूळ पावती सोबत ठेवा आणि कस्टममध्ये जाहीर करा. आणखी एक मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत. तुम्ही अमेरिकेतून आणलेलं चित्र पुढे परत न्यायचं ठरलं तर ते बाहेरून आलंय हे दाखवावं लागेल. आणताना केलेल्या घोषणेची प्रत त्यासाठी जपून ठेवा.

आणि मुंबई-कोकणातला पावसाळा. कागदाला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते; जुलैत आपल्याकडे कपाटातले कपडेसुद्धा सादळतात. चित्र बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर लावा. चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल. पावसाच्या चार महिन्यांत दर पंधरवड्याला मागची बाजू बघा. बुरशीचा वास आला तर पुसायला जाऊ नका, भिंतीवरून उतरवा आणि एसी असलेल्या कोरड्या खोलीत आडवं ठेवा. पुण्यात किंवा नागपुरात एवढा त्रास नाही, पण तिथलं ऊन बघा.

हे सगळं सांभाळणारं घरी कुणी नसेल तर चित्र न्यू इंग्लंडमध्येच राहू द्या आणि आईवडिलांना चांगली छापील प्रत पाठवा. मागे पेनने 'प्रत' असं स्पष्ट लिहून, सालासकट.